वकिलीतून वृत्तवाहिनीच्या अँकरपदाकडे : सनदेपासून स्टुडिओपर्यंतची तयारी

काही वर्षे वकिली केल्यानंतर दूरचित्रवाणीवर वृत्तनिवेदक, म्हणजे आजच्या भाषेत अँकर, व्हावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांना बहुधा पहिला सल्ला मिळतो तो असा की, 'तुम्हाला बोलता येते, म्हणजे अर्धे काम झालेच.' हा सल्ला मला पटत नाही. बोलण्याची सफाई वृत्तवाहिनीत पुष्कळांकडे असते. वकिलाकडे जे असते आणि इतरांकडे क्वचित असते, ते म्हणजे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची आणि कागदात नसलेले न बोलण्याची शिस्त. त्याच वकिलाला एक सवय मात्र सोडावी लागते, आणि ती म्हणजे अशिलाच्या बाजूने उभे राहण्याची. शिस्त टिकवून सवय सोडण्याचे हे काम वाटते तितके सोपे नाही, आणि पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः त्यासाठीच आहे.

आधी कोण कसे गेले

हा मार्ग सर्वांत जास्त रुळला तो अमेरिकेत. १९९१ मध्ये तिथे 'कोर्ट टीव्ही' ही खटल्यांनाच वाहिलेली वाहिनी सुरू झाली आणि १९९५ मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांच्यावरील खुनाचा खटला महिनोन्‌महिने थेट दाखवला गेला, तेव्हा पुराव्याचा कायदा सामान्य प्रेक्षकाला समजेल अशा भाषेत सांगणाऱ्या वकिलांची वाहिन्यांना एकाएकी निकड भासू लागली. ग्रेटा व्हॅन सस्टरेन या वॉशिंग्टनमधील वकील त्याच काळात सीएनएनवर विश्लेषक म्हणून पुढे आल्या आणि नंतर स्वतःचे कार्यक्रम चालवू लागल्या. मेगन केली यांनी १९९५ मध्ये अल्बनी लॉ स्कूलची पदवी घेतली, मोठ्या फर्ममध्ये दिवाणी दाव्यांचे काम केले, २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या एका स्थानिक केंद्रात वार्ताहर म्हणून सुरुवात केली, २००४ मध्ये त्या 'फॉक्स न्यूज'मध्ये गेल्या आणि त्यांच्या नावाचा रात्रीचा मुख्य कार्यक्रम सुरू झाला तो २०१३ मध्ये. म्हणजे पहिल्या वार्तांकनापासून त्या खुर्चीपर्यंत दहा वर्षे गेली, आणि त्याआधीची वकिलीची वर्षे वेगळी.

सव्हाना गथ्री यांचा प्रवास मला जास्त बोलका वाटतो. त्यांची पहिली पदवी पत्रकारितेची. छोट्या गावांतील केंद्रांवर वार्ताहर म्हणून काम केल्यानंतर त्या जॉर्जटाउनला कायदा शिकायला गेल्या, २००२ मध्ये पदवी घेतली, काही काळ वकिली केली आणि मग 'कोर्ट टीव्ही'वर खटल्यांचे वार्तांकन करू लागल्या. २००७ मध्ये त्या एनबीसीत आल्या आणि २०१२ मध्ये 'टुडे' या सकाळच्या कार्यक्रमाच्या सहनिवेदिका झाल्या. कायद्याच्या पदवीने त्यांना आवाज दिला नाही, तो आधीच होता. पदवीने त्यांना स्वतःचे एक क्षेत्र दिले. टेक्सासमधील न्यायाधीशपद सोडून १९८९ मध्ये थेट सीएनएनच्या निवेदकांच्या खुर्चीत बसलेल्या कॅथरीन क्रायर यांचे उदाहरण अनेकदा दिले जाते, परंतु तो अपवाद आहे आणि अपवादावर स्वतःचे नियोजन बेतू नये.

आपल्याकडचे ठळक नाव राजदीप सरदेसाई यांचे. मूळच्या गोव्याच्या, मुंबईकडून खेळलेल्या क्रिकेटपटू दिलीप सरदेसाई यांचे हे चिरंजीव ऑक्सफर्डला कायदा शिकले. पण ते स्टुडिओत आले ते वृत्तपत्रातून. १९८८ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई आवृत्तीत आणि १९९४ मध्ये एनडीटीव्हीत, असा त्यांचा क्रम आहे. कायदा, मग बातमीदारी आणि मग निवेदन हाच क्रम बहुतेकांना सोसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सनदेचा प्रश्न सर्वांत आधी

स्क्रीन टेस्टची तारीख ठरवण्यापूर्वी सनदेचे, म्हणजे वकिलीच्या परवान्याचे, काय करायचे ते ठरवावे. भारतीय वकील परिषदेच्या नियमांतील ४९वा नियम असे सांगतो की, वकिली चालू असताना वकिलाला कोणत्याही व्यक्तीची, फर्मची, कंपनीची किंवा शासनाची पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. अशी नोकरी स्वीकारली तर ज्या राज्य परिषदेच्या पटावर नाव आहे तिला कळवावे लागते आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवावी लागते. याच्या शेजारचा ५१वा नियम मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. प्रसारण, पत्रकारिता, व्याख्याने आणि अध्यापन ही कामे, विषय कायद्याचा असो वा नसो, वकिलाला करता येतात असे तो म्हणतो. अट एवढीच की जाहिरातबंदीचा आणि पूर्णवेळ नोकरीबंदीचा भंग होता कामा नये. वृत्तपत्रांसाठी मजकूर कायद्याच्या अंगाने तपासून देण्याचे कामही त्याच नियमात मान्य केलेले आहे.

या दोन नियमांमुळे तुमच्यापुढे दोन सरळ वाटा उरतात. आठवड्यातून एखाद-दोन वेळा, कार्यक्रमागणिक मानधन घेऊन, विश्लेषक किंवा पाहुणे निवेदक म्हणून काम करायचे असेल, तर सनद चालू ठेवता येते. वाहिनीच्या हजेरीपटावर नाव, मासिक पगार आणि ठरलेली पाळी असेल, तर सनद स्थगित करणे हाच योग्य मार्ग आहे. करारावर 'सल्लागार' असा शब्द घालून प्रत्यक्षात रोज नऊ तास काम करायचे आणि सकाळी न्यायालयातही उभे राहायचे, ही पळवाट धोक्याची आहे, कारण शिस्तभंगाच्या चौकशीत करारावरील शब्दापेक्षा कामाचे खरे स्वरूप पाहिले जाते. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात वकिली आणि पत्रकारिता एकाच वेळी करणाऱ्या अर्जदाराबाबत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने तीव्र नापसंती दाखवली होती, आणि वकील परिषदेनेही पूर्णवेळ पत्रकारिता वकिलीसोबत चालणार नाही अशी भूमिका घेतली होती. आपल्या महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची दृष्टी तर पूर्वीपासूनच कडक आहे. डॉ. हनिराज चुलानी या मुंबईतील शल्यचिकित्सकांना वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून सनद हवी होती. परिषदेने ती नाकारली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही परिषदेचीच बाजू उचलून धरली.

सनद स्थगित करण्यापूर्वी हातातील प्रकरणे नीट सुपूर्द करावीत. घेतलेले वकीलपत्र पुरेशा कारणाशिवाय आणि अशिलाला वाजवी पूर्वसूचना दिल्याशिवाय सोडू नये, आणि न केलेल्या कामाची फी परत करावी, असा नियमच आहे. त्यामुळे वाहिनीकडून रुजू होण्याची तारीख घेताना निदान दोन महिन्यांची मुदत मागावी. पुराव्याच्या टप्प्यावर आलेला एखादा दावा असेल तर त्याहून जास्त मागावी. जी वाहिनी एवढीही सवड देत नाही, तिच्याकडे पुढेही सवडीची अपेक्षा ठेवता येणार नाही. परिषदेकडे करायच्या अर्जाचा चालू नमुना आणि शुल्क कार्यालयातूनच विचारून घ्यावे.

अशिलाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींचे बंधन मात्र सनद स्थगित केल्याने सुटत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे १३२वे कलम, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचे १२६वे, हे बंधन काम संपल्यानंतरही कायम ठेवते. आपल्या जुन्या अशिलाशी संबंधित बातमी बुलेटिनमध्ये आली, तर संपादकाला तसे लेखी कळवून त्या बातमीपासून बाजूला व्हावे. प्रेक्षकांपुढे नुसते 'माझा पूर्वी संबंध होता' एवढे म्हणून पुढे बोलत राहणे पुरेसे नाही.

ज्यांची सनद चालू आहे, त्यांनी ३६वा नियम पाठ करावा. काम मिळवण्यासाठी कोणत्याही मार्गाने जाहिरात करायची नाही, आणि स्वतः चालवत असलेल्या प्रकरणांच्या संदर्भात वृत्तपत्रांतून टिप्पणी किंवा छायाचित्र छापून आणायचे नाही, असे तो सांगतो. पडद्यावर नावाखाली फर्मचे नाव किंवा संपर्क क्रमांक जाऊ देऊ नये. बँड आणि गाऊन न्यायालयाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालण्यासही मनाई आहे, त्यामुळे स्टुडिओत ते घालून बसण्याचा निर्मात्याचा आग्रह शांतपणे नाकारावा.

कोणत्या दाराने आत जावे

न्यायालयीन वार्ताहराच्या दाराने जावे. अनेक वकिलांना ही पायरी कमीपणाची वाटते, कारण काल ज्या न्यायालयात युक्तिवाद केला, तिथेच आज मागच्या बाकावर वही घेऊन बसायचे असते. तरीही वर्ष-दीड वर्ष हे काम केलेला निवेदक आणि न केलेला निवेदक यांच्यातला फरक पहिल्याच मोठ्या निकालाच्या दिवशी दिसतो. निकाल लागतो तेव्हा बाहेरचा वार्ताहर धापा टाकत दोन वाक्ये सांगतो, निकालाची प्रत अजून संकेतस्थळावर चढलेली नसते, आणि पुढची वीस मिनिटे निवेदकाला त्या दोन वाक्यांच्या बळावर, एकही चुकीचे विधान न करता, काढायची असतात. काय कळले आहे आणि काय अजून कळायचे आहे याची रेघ ज्याला आखता येते, तोच ती वीस मिनिटे सांभाळतो.

सर्वोच्च न्यायालयाचे नियमित वार्ताहर म्हणून अधिस्वीकृती मिळवण्यासाठी पूर्वी कायद्याची पदवी लागत असे. २०२४ मध्ये ती अट काढण्यात आली. म्हणजे पदवी हा आता परवाना राहिलेला नाही आणि तिचा उपयोग कामातूनच दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठांच्या सुनावण्या थेट पाहता येतात. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या वकिलानेही रोज एक सुनावणी पाहावी, तिचा दीडशे शब्दांत मराठी वृत्तांत लिहावा आणि मग तो आदेशाच्या प्रतीशी ताडून पाहावा. हा सराव सहा महिने नेमाने केला, तर कोणत्याही पदविका अभ्यासक्रमापेक्षा अधिक हाताला लागते.

निकालाची बातमी करताना

वकील निवेदकाचे खरे मोल इथे कळते, म्हणून जरा थांबून एक प्रसंग जवळून पाहू. एका याचिकेवर उच्च न्यायालयात सुनावणी चालू आहे. न्यायमूर्ती सरकारी वकिलांना विचारतात, 'इतके महिने तुम्ही काय करत होता?' पाच मिनिटांत पडद्याखालच्या पट्टीवर ओळ धावते : 'उच्च न्यायालयाचे सरकारवर ताशेरे'. संध्याकाळी आदेशाची प्रत हाती येते. तिच्यात एवढेच असते की, राज्य सरकारने तीन आठवड्यांत प्रतिज्ञापत्र दाखल करावे आणि प्रकरण त्यानंतर बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, ठेवावे. तो प्रश्न आदेशात कुठेही नाही. ताशेरे हे लेखी आदेशात असतात आणि त्यांचे परिणाम होतात. सुनावणीतला शेरा हा न्यायाधीश आणि वकील यांच्यातल्या संवादाचा भाग असतो. अशा शेऱ्याची बातमी देऊ नये असे मुळीच नाही. मे २०२१ मध्ये निवडणूक आयोगाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तोंडी शेऱ्यांच्या वार्तांकनावर बंदी घालण्यास नकार दिला, आणि असे शेरे हे न्यायालयाच्या अभिलेखाचा भाग नसतात हेही त्याच वेळी सांगितले. तेव्हा पट्टीवरची ओळ अशी हवी : 'इतके महिने काय केले? सुनावणीत न्यायालयाचा सरकारला सवाल. प्रतिज्ञापत्रासाठी तीन आठवडे'. ओळ थोडी लांबते, पण खरी असते.

अशा जागा पुष्कळ आहेत. याचिका दाखल होणे, ती सुनावणीसाठी दाखल करून घेतली जाणे आणि तिच्यावर नोटीस निघणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यांपैकी एकीनेही याचिकाकर्त्याला दिलासा मिळालेला नसतो. दोषमुक्ती म्हणजे खटला उभा राहण्याइतका आधारच नाही म्हणून आरोपीला आधीच वगळणे. निर्दोष मुक्तता होते ती खटला चालून पुरावा तपासल्यानंतर. तपास यंत्रणेने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला म्हणजे न्यायालयाने 'क्लीन चिट' दिली असे होत नाही, कारण तो अहवाल स्वीकारायचा की नाही हे न्यायदंडाधिकारी ठरवतात. जामीन मिळाला याचा अर्थ आरोप खोटे ठरले असा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने विशेष अनुमती याचिका, म्हणजे अपिलाची परवानगी मागणारी याचिका, कारणे न देता फेटाळली, तर उच्च न्यायालयाच्या निकालातील कायद्याच्या मांडणीवर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले असे म्हणता येत नाही. २००० सालच्या कुन्हयम्मद प्रकरणापासून ही गोष्ट स्पष्ट आहे आणि तरीही ही चूक जवळजवळ दर आठवड्याला ऐकू येते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे कलमांचे दोन संच एकाच वेळी वापरात आहेत. त्या तारखेपूर्वीचा खून असेल तर दंड संहितेचे कलम ३०२, नंतरचा असेल तर न्याय संहितेचे कलम १०३. फसवणुकीला जुने ४२० आणि नवे ३१८. बातमी वाचण्यापूर्वी गुन्हा कधी घडला ही तारीख विचारून घ्यावी. दोन्ही कलमे शेजारी शेजारी लिहिलेला एक कागद टेबलावर ठेवावा आणि डेस्कवरील सहकाऱ्यांनाही त्याची प्रत द्यावी, कारण पट्टीवरचा मजकूर ते लिहितात आणि चूक मात्र तुमच्या चेहऱ्याखाली दिसते.

लांब निकालपत्र हाती आल्यावर ते पहिल्या पानापासून वाचू नये. आधी शेवटचा आदेशात्मक भाग वाचावा, मग न्यायालयाने ठरवलेले मुद्दे, मग प्रत्येक मुद्द्यावरचा निष्कर्ष, आणि एकाहून अधिक न्यायाधीश असतील तर कोण कोणाशी सहमत आहे आणि कोणाचे मत वेगळे आहे. स्टुडिओत बसल्या बसल्या इतके वाचून होते. बाकीचे निकालपत्र रात्री घरी वाचायचे असते, आणि ते वाचायचेच असते.

कॅमेरा, प्रॉम्प्टर आणि कानातला आवाज

न्यायालयात तुम्ही ज्यांच्यापुढे बोलता त्यांच्यासमोर कागद असतात, त्यांना विषय ठाऊक असतो आणि कळले नाही तर ते थांबवून विचारतात. प्रेक्षकाला यातले काहीही उपलब्ध नसते. तो एकदाच ऐकतो, तेही बहुधा दुसरे काही करता करता. त्यामुळे 'सदरहू', 'उपरोक्त', 'सबब' हे शब्द आणि एका वाक्यात तीन उपवाक्ये घालण्याची सवय दाराबाहेर ठेवावी लागते. आपल्याच एखाद्या जुन्या प्रकरणाची हकिगत, अशिलाची ओळख पूर्ण पुसून, चाळीस सेकंदांत सांगून ध्वनिमुद्रित करावी आणि कायद्याशी संबंध नसलेल्या घरातल्या माणसाला ऐकवावी. त्याने काय समजले ते स्वतःच्या शब्दांत सांगावे. जिथे तो अडखळेल तिथे आपले वाक्य बदलावे.

उच्चारांकडे विशेष लक्ष द्यावे. 'चमचा' आणि 'चहा' यांतला च, 'जहाज' आणि 'जन्म' यांतला ज, ण आणि न, ळ आणि ल हे भेद मराठी प्रेक्षकाला लगेच कळतात. बोलीचा सूर राहिला तर बिघडत नाही, उलट अलीकडे वाहिन्यांवर विदर्भाचा किंवा कोकणाचा सूर ऐकू येतो तेव्हा मला आनंदच होतो. पण शब्द स्पष्ट हवा. तालुका न्यायालयात मराठीतून उलटतपासणी घेतलेल्या वकिलांना इथे चांगलाच फायदा होतो, कारण लोक प्रत्यक्ष कसे बोलतात ते त्यांच्या कानात असते.

प्रॉम्प्टरवर, म्हणजे कॅमेऱ्यापुढे सरकता मजकूर दाखवणाऱ्या पडद्यावर, वाचताना नजर ओळीच्या शेवटाकडे धावते आणि वाचतो आहोत हे दिसते. अक्षरांचा आकार मोठा घेऊन, ओळीत चार-पाचच शब्द ठेवले, तर हा दोष कमी होतो. प्रॉम्प्टर बंद पडतोच, म्हणून छापील स्क्रिप्ट हातात असावी आणि चालू पानावर अंगठा असावा. सर्वांत अवघड असतो तो टॉकबॅक, म्हणजे कंट्रोल रूममधून कानात येणारा निर्मात्याचा आवाज. तुम्ही पाहुण्याला प्रश्न विचारत असता आणि त्याच वेळी कानात 'फोनो (फोनवरची प्रतिक्रिया) तयार आहे, दहा सेकंदांत गुंडाळा' असे येते. न्यायालयात वकिलाला मध्येच कोणी असे बोलत नाही, फार तर ज्युनिअर चिठ्ठी सरकवतो. सरावासाठी एका कानात आकाशवाणीच्या बातम्या लावून वृत्तपत्रातील अग्रलेख मोठ्याने वाचावा; पहिले काही दिवस जीभ अडखळते, मग कान आणि जीभ आपापले काम वेगळे करू लागतात.

शोरील, म्हणजे वाहिनीला दाखवायची आपल्या कामाची नमुना चित्रफीत, चार मिनिटांहून लांब नको. त्यात एक मिनिटाचे निवेदन, न्यायालयाच्या फाटकाबाहेर उभे राहून कॅमेऱ्याशी केलेले वार्तांकन आणि एक छोटी मुलाखत असावी. न्यायालयाच्या आवारात परवानगीशिवाय चित्रीकरण करू नये. ही गोष्ट वकिलाला सांगावी लागू नये.

मुलाखत म्हणजे उलटतपासणी नव्हे

ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो उलटतपासणीत विचारू नये, असे प्रत्येक ज्युनिअरला शिकवले जाते. मुलाखतीत प्रश्न विचारायचा तो मुख्यतः उत्तर ठाऊक नसते म्हणूनच. 'होय की नाही, एवढेच सांगा' ही पद्धत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चालते, कारण तिथे फेरतपासणीत त्याला खुलाशाची संधी असते आणि वर न्यायाधीश बसलेले असतात. स्टुडिओत या दोन्ही गोष्टी नसतात. त्यामुळे 'कसे', 'का', 'मग पुढे काय झाले' हे प्रश्न नव्याने शिकावे लागतात, आणि उत्तर चालू असताना गप्प राहणेही शिकावे लागते.

समोर कोण आहे त्यावर पद्धत बदलते. मंत्री, अधिकारी किंवा कंपनीचे प्रमुख असतील, तर कागद पुढे ठेवून नेमका प्रश्न विचारावा आणि उत्तर टाळले गेल्यास तोच प्रश्न पुन्हा विचारावा. इथे वकिलीतले कौशल्य पूर्ण वापरावे. समोर पीडित, त्याचे नातेवाईक किंवा अजून गुन्हा सिद्ध न झालेली सामान्य व्यक्ती असेल, तर ते कौशल्य संपूर्ण बाजूला ठेवावे. अमेरिकेतील माजी सरकारी वकील नॅन्सी ग्रेस यांनी सप्टेंबर २००६ मध्ये आपल्या कार्यक्रमासाठी एका बेपत्ता मुलाच्या आईची मुलाखत घेतली. त्यात त्यांनी तिला ती कुठे होती याविषयी प्रश्नांवर प्रश्न विचारले. मुलाखत प्रसारित होण्यापूर्वीच त्या तरुण आईने आत्महत्या केली, कार्यक्रम तरीही दाखवला गेला, कुटुंबाने दावा लावला आणि २०१० मध्ये तो तडजोडीने मिटला. मुलाखत आणि मृत्यू यांतला संबंध कायद्याने काय ठरतो हा भाग सोडला, तरी हे प्रकरण वकिलीतून येणाऱ्या प्रत्येक निवेदकाने मुळातून वाचावे असे मला कळकळीने वाटते. अशा माणसाला वकील मिळालेला नसतो, हरकत घेणारे कोणी नसते, आणि प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज कमावलेला असतो.

चर्चेच्या कार्यक्रमात निवेदकाने न्यायाधीशाच्या जागी बसावे. दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्यावा, पाहुणा त्याच प्रकरणात एखाद्या पक्षाचा वकील असेल तर ते सुरुवातीलाच प्रेक्षकांना सांगावे, आणि निकाल मात्र देऊ नये.

पडद्यावर पाळायच्या मर्यादा

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या ७२व्या कलमाखाली गुन्हा आहे. निपुण सक्सेना प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण मृत्यूनंतरही लागू केले. बालकांबाबत पोक्सो कायद्याचे २३वे आणि बाल न्याय कायद्याचे ७४वे कलम याहून कडक आहे. नाव न घेताही ओळख उघड होते, हे ध्यानात ठेवावे : गावाचे नाव, शाळेची इमारत, वडिलांचा व्यवसाय आणि धूसर केलेला पण ओळखू येणारा आवाज एवढे एकत्र आले की गावातल्या प्रत्येकाला कळते. बुलेटिनपूर्वी दृश्ये स्वतः पाहण्याचा आग्रह धरावा.

न्यायालय अवमान कायदा, १९७१ याच्या चौथ्या कलमाने न्यायालयीन कामकाजाच्या निःपक्ष आणि अचूक वृत्तांताला, आणि पाचव्या कलमाने निकालाच्या गुणदोषांवरील रास्त टीकेला संरक्षण दिले आहे. हे संरक्षण उदार आहे आणि ते न घाबरता वापरावे. माध्यमांतील समांतर खटल्यांविषयी मात्र मुंबई उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२१ मधील नीलेश नवलखा प्रकरणातला निकाल मुळातून वाचून ठेवावा. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतरच्या प्रसारणावरून हा वाद उभा राहिला होता. तपास चालू असताना आरोपीच्या चारित्र्यावर शेरे मारणे, घटनेचे नाट्यरूपांतर दाखवणे, साक्षीदारांच्या मुलाखती घेणे अशा गोष्टींपासून दूर राहावे, असे त्या निकालाने सांगितले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणातून जो धडा मिळाला, त्यातून पुढे दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचे थेट प्रक्षेपण करण्यास केबल नियमांत २०१५ मध्ये मनाई आली. अशा वेळी नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरावीक वेळाने दिलेली माहितीच द्यायची असते.

करार

बदनामीची फौजदारी तक्रार निवेदकाच्या वैयक्तिक नावानेही होते, आणि ती दूरच्या एखाद्या जिल्ह्यातही होऊ शकते. म्हणून न्यायालयीन खर्च आणि प्रवास वाहिनीने करायचा, आणि तोही नोकरी सोडल्यानंतर आलेल्या समन्सबाबतसुद्धा, असे कलम करारात लिहून घ्यावे. पगाराच्या वाटाघाटीपेक्षा मी याला जास्त महत्त्व देतो. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट वैध असते. कल्याणजवळच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याशी संबंधित गोलीकरी प्रकरणात १९६७ मध्ये ते ठरले आहे. नोकरी संपल्यानंतरची बंदी मात्र करार कायद्याच्या २७व्या कलमापुढे टिकत नाही. पहिली दोन वर्षे उत्पन्न वकिलीपेक्षा कमी असेल असे गृहीत धरूनच घरचा हिशेब मांडावा.

परत यायचे झाल्यास

वाहिनीची नोकरी सुटली किंवा सोडली, तर राज्य परिषदेकडे अर्ज करून वकिली पुन्हा सुरू करता येते. त्यासाठी स्थगितीच्या आदेशाची प्रत, नेमणूकपत्र आणि कार्यमुक्तीचे पत्र जपून ठेवावे. मधल्या काळात बदललेल्या कायद्यांचे वाचन चालू ठेवलेले असेल, तर पहिल्या तारखेला उभे राहणे जड जात नाही. नव्या संहिता लागू झाल्यानंतर परत येणाऱ्यांना तर हे वाचन अपरिहार्यच आहे. आणि निवेदक म्हणून ज्या प्रकरणावर आपण जाहीरपणे बोललो, पाहुण्यांना प्रश्न विचारले, पडद्याआड माहिती मिळवली, त्या प्रकरणात कोणत्याही पक्षाचे वकीलपत्र घेऊ नये, अशिलाने कितीही आग्रह केला तरी.